धामण उंदरामागे आली, उंदीर कोठीमागे

ताई नमस्कार,
मी लग्न होऊन बडोद्याला आले त्याला सात वर्षं झाली. खारीवाव रोडजवळ एका खांच्यात, म्हणजे गल्लीत, सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेला वाडा आहे, तिथे आम्ही पाच जण राहतो, सासूसासरे, आम्ही दोघं आणि चार वर्षांचा मुलगा. पावसाळा सुरू झाल्यापासून उंदरांनी वैताग आणलाय, रात्री माळ्यावर धावतात, मिक्सरची वायर कुरतडली, गव्हाच्या पोत्याला भोक पाडलं. मागच्या आठवड्यात मोरीत मोठा साप निघाला. मी ओरडले, शेजारची दोन मुलं काठ्या घेऊन आली आणि त्यांनी मारला. फोटो पाठवतेय. तेव्हापासून सासूबाई नीट जेवत नाहीत, म्हणतात तो घराचा राखणदार होता, त्याचा जोडीदार डूख धरेल. ह्यांनी चिडून विषारी वड्या आणि चिकट पॅड आणून घरभर ठेवले. काल मुलाच्या हातात ती निळी वडी दिसली, कोपरा कुरतडलेला होता, उंदराने की त्याने माहीत नाही. पॅडवर उंदराऐवजी पाल आणि एक चिमणी सापडली. मला रात्री झोप नाही. हे म्हणतात वाडा सोडू, गोत्रीला फ्लॅट घेऊ. सासूबाई ऐकायलाच तयार नाहीत. काय करू?
— कल्याणी

कल्याणी,

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी तुला उलट कळवलं होतं की बाकी सगळं राहू दे, आधी मुलाला आणि त्या वडीचं पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. तू गेलीस, रक्ताची तपासणी झाली, दोन दिवसांनी परत झाली आणि रिपोर्ट नॉर्मल आला हे कळलं तेव्हा मलाही हायसं वाटलं. पण हे मी इथे मुद्दाम परत लिहितेय कारण हे सदर वाचणाऱ्या कितीतरी घरांत अशाच निळ्या-हिरव्या वड्या फ्रिजच्या मागे पडलेल्या असतील. ह्या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडिओलोन असतं, त्याने रक्त गोठायचं थांबतं, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त असं सुरू होतं, तोपर्यंत मूल छान खेळत असतं आणि आपल्याला वाटतं काही झालं नाही. यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण तो डॉक्टरने वेळेत द्यायचा. काही औषधांना तर उताराच नाही, ती काळपट पावडर मिळते ना, झिंक फॉस्फाइडची, पोटात गेली की विषारी वायू सोडते. आणि धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या तर राहत्या घरात आणूच नये, बंद खोलीत झोपलेली माणसं त्याच्या वायूने गेलेली आहेत. चार वर्षांचं मूल असलेल्या घरात जमिनीवर विष ठेवायचं नाही, या बाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही. आज घरातल्या सगळ्या वड्या मोजून गोळा कर, पाकिटावर किती होत्या ते बघ, हिशोब जुळेपर्यंत शोध.

आता साप. फोटो मी नीट बघितला. पिवळसर तपकिरी अंग, शेपटीकडे काळ्या आडव्या पट्ट्यांची जाळी, डोळे मोठे आणि गोल, आणि ओठांवर पेनाने मारल्यासारख्या बारीक काळ्या उभ्या रेघा. धामण आहे ती. अजिबात विषारी नाही. पकडायला गेलं तर चावते, झटापट करते, पण त्या चाव्याने माणूस मरत नाही. तिचं इंग्रजी नावच उंदीर-साप असं आहे, तिची अर्धी जिंदगी उंदरांच्या मागे जाते. शेजारच्या मुलांना मी दोष देत नाही, बाई ओरडली म्हणून धावत आली, भीतीपोटी मारलं. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण संरक्षित आहे, तिला मारणं गुन्हा आहे, हे त्यांना प्रेमाने सांगून ठेव म्हणजे पुढच्या वेळी काठी उचलायच्या आधी हात थांबेल.

तुझ्या घरात जे झालं त्याचा क्रम लावून बघ. धामण मोरीत का आली, तर उंदराच्या वासावर. साप स्वतः बीळ खणत नाही गं, त्याला ते जमतच नाही, तो उंदराच्या नाहीतर घुशीच्या बिळातूनच येतो-जातो. उंदीर का आले, तर पोत्यातला गहू, ओटल्यावर रात्रभर ठेवलेली कचऱ्याची पिशवी आणि मोरीची उघडी जाळी. म्हणजे उंदीर तुमच्या कोठीमागे आले आणि धामण उंदरांमागे. आता धामण गेली, उंदीर आहेत तसेच आहेत. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः पिल्लं घालायला तयार. तुम्ही फुकट काम करणारी एक राखणदारीण घालवलीत, आणि याबाबतीत तुझ्या सासूबाईंचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

त्यांच्याशी यावर बोल. "अंधश्रद्धा आहे" असं म्हणून सोडून देऊ नकोस. त्या पंचेचाळीस-पन्नास वर्षं त्या वाड्यात राहिल्यात, त्यांनी ती धामण नाहीतर तिच्या आधीची माळ्याच्या कडेने सरकताना कितीदा बघितली असेल आणि गप्प बसल्या असतील, म्हणूनच राखणदार हा शब्द आला. डूख धरायचं मात्र त्यांना समजावून सांग, सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घ्यायची सोयच नाही. दुसरा साप येऊ शकतो, नक्की येऊ शकतो, पण तो त्याच उंदरांसाठी. आणि त्यांना अन्न गोड लागत नसेल तर मला वाटतं ते भीतीने नाही, दुःखाने आहे. आपल्या दारात, श्रावण तोंडावर आलेला असताना, जीव मारला गेला. बडोद्यात आपली नागपंचमी शुद्ध पंचमीला आणि शेजारच्या बेनची वद पंचमीला, म्हणजे एकाच खांच्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा नागाची पूजा होते, आणि मधे आपण काठ्या काढतो. त्यांना पाटावर नागाचं चित्र काढून पूजा करायची असेल तर तू बरोबर बस, लाह्या-दूध चित्रापुढे ठेव. फक्त गारुड्याच्या टोपलीतल्या सापाला दूध पाजायला देऊ नका, साप दूध पीत नाही, त्याला उपाशी-तहानलेला ठेवून आणतात म्हणून तो तोंड लावतो आणि नंतर मरतो.

आता उंदीर, हेच खरं काम आहे आणि ते वेळ घेणार आहे.

मी 34 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि तरी माझ्या स्वतःच्या घरी पहिल्यांदा उंदीर झाले तेव्हा मीही तुझ्या नवऱ्यासारखंच केलं, चिकट पॅड आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅडवर एक छोटा कवड्या साप होता, बिनविषारी, वीतभर, अर्धा चिकटलेला आणि तोंड उघडून धापा टाकत होता. खोबरेल तेल बोटाने लावून लावून सोडवायला पाऊण तास गेला, खवलं निघाली, जगला की नाही मला माहीत नाही. त्या दिवसापासून पॅड घरात आणला नाही. उंदीर त्यावर सापडला तरी तो रात्रभर ओरडत असतो, स्वतःचा पाय चावून तोडतो, आणि ते आपलं मूल सकाळी उठून बघतं. तुझ्या घरात ती चिमणी गेलीच. पॅड फेकून दे, पण फेकताना वर माती नाहीतर भुसा टाक म्हणजे कचऱ्यात दुसरं काही चिकटणार नाही.

तर सुरुवात अशी कर. शनिवारी रात्री सगळं आवरल्यावर ओट्याच्या खाली, मोरीच्या कडेला, माळ्याच्या शिडीपाशी आणि कोठीच्या भोवती गव्हाचं पीठ अगदी पातळ भुरभुरव, टाल्कम पावडर असली तरी चालेल. सकाळी कोणी उठायच्या आत बॅटरी घेऊन तिरप्या उजेडात बघ. छोटी छोटी पावलं दिसतील, पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटी ओढल्याची बारीक रेघ. त्या पावलांच्या मागे मागे जा. उंदीर रोज त्याच वाटेने जातो, भिंतीला अंग घासत जातो, म्हणून जुन्या घरात भिंतीच्या खालच्या कडेला तेलकट काळपट पट्टा उमटलेला असतो, चुन्याच्या भिंतीवर तर तो फार स्पष्ट दिसतो. ती रेघ जिथे संपते तिथे भोक असतं. एकदा भोक कळलं की निम्मं काम झालं.

भोक किती मोठं असलं की उंदीर येतो? तुझा अंगठा जातो ना, तेवढं पुरतं, अर्धा इंच. डोकं गेलं की बाकीचं अंग जातं. छोट्या घरउंदराला तर पेन्सिल जाईल एवढी फट बस होते. तुमच्या वाड्यात विटा चुन्यात बसवलेल्या असणार, जुना चुना भुसभुशीत होतो, नखाने पडतो, त्यात उंदराला काय लागतं. भोकात आधी भांडी घासायची स्टीलची घासणी ठासून भर, मग वरून सिमेंट. नुसता सिमेंटचा गोळा लावलास तर ओला असतानाच कोरतील, आणि तो स्प्रेचा फेस मिळतो तो तर ते चघळून बाहेर काढतात. मोरीच्या तोंडाला पाव इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी, स्क्रूने बसवलेली, काढून साफ करता येईल अशी. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी. माळ्यावर कौलं आणि भिंत जिथे भेटतात ती जागा कोणी गवंडी चढवूनच बघावी लागेल, तिथे खर्च होईल, तो कर. वड्या-पॅडवर तुझ्या नवऱ्याने जे पैसे घातले ते दर दोन महिन्यांनी परत घालावे लागतात, जाळी एकदाच.

दुसरं, खाणं. वर्षाचा गहू भरायची आपल्याकडची पद्धत मला आवडते, दिवेल, म्हणजे एरंडेल, लावून ठेवलेल्या गव्हाचा तो वास माझ्या माहेरच्या घराचा वास आहे. पण दिवेल किड्यांना थांबवतं, उंदराला नाही. पोतं नको, प्लास्टिकचा डबा नको, पत्र्याची कोठी हवी आणि तिचं खालचं झाकण घट्ट हवं, बऱ्याच कोठ्यांचं ते खालचं दाणे काढायचं तोंडच सैल असतं आणि तिथूनच रोज मूठभर सांडतं. कोठी भिंतीपासून वीतभर पुढे ओढून विटांवर ठेव म्हणजे मागे झाडू जाईल. कचऱ्याची गाडी सकाळी येते ना, मग पिशवी सकाळीच बाहेर काढ, रात्री नाही. गाईची पोळी संध्याकाळी ओट्यावर ठेवत असाल तर ती सकाळी ठेवा. आणि आता जरा नाजूक गोष्ट, तुझ्या खांच्यात कोणी कबुतरांना चण, म्हणजे दाणे, टाकतं का ते बघ, कारण मी त्या भागातून जाते तेव्हा दर दोन घरांआड ज्वारी-बाजरी सांडलेली दिसते. कबुतरं दिवसा खातात, उरलेलं रात्री उंदीर खातात. त्या बेनना "टाकू नका" म्हणालीस तर पुण्याच्या कामात आड आल्यासारखं होईल. त्याऐवजी सांग की सकाळी टाका आणि सूर्यास्ताच्या आत उरलेलं झाडून घ्या, मी मदतीला येते. खरंच जा दोन दिवस झाडायला, लोक ऐकतात.

हे सगळं करून झाल्यावरच पिंजरा लाव, आधी नाही, नाहीतर दोन पकडशील आणि चार बाहेरून येतील. उंदीर नवीन वस्तूला फार बिचकतो, चार-पाच दिवस तिच्याजवळ जात नाही, म्हणून लोकांना वाटतं पिंजरा चालतच नाही. पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून ठेव आणि तीन-चार रात्री आत नुसतं खायला घाल, शेंगदाण्याची चिकी नाहीतर तूप लावलेला पोळीचा तुकडा. खाणं संपलेलं दिसायला लागलं की मग दार लाव. जागा कुठली, तर ती काळी रेघ आहे तिथेच, भिंतीला चिकटून.

पकडलेल्याचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. बरेच लोक स्कूटरवरून नेऊन दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी सोडतात. मला ते पटत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी गव्हात जातात. माझं मत स्प्रिंगच्या सापळ्याकडे झुकतं, एका क्षणात संपतं, विषासारखं पाच दिवस आतून रक्त वाहत मरणं नाही, आणि विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्याने घुबड, मांजर, मुंगूस मरतं ते पण नाही. सापळा लाकडी खोक्यात ठेव, खोक्याला फक्त उंदीर जाईल एवढं भोक, म्हणजे मुलाचं बोट जाणार नाही. सासूबाईंना गणपतीच्या वाहनाला मारणं चालणार नसेल तर मारायचं काम नवऱ्याकडे दे किंवा पिंजराच वापर आणि महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचार, पण घरात या एका गोष्टीवर भांडण होऊ देऊ नकोस. भोकं बुजवली आणि कोठी बंद झाली की पकडायला फार उरतच नाहीत. आणि हो, रात्री चुकचुक आवाज करत भिंतीकडेने पळणारी, लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री दिसली तर ती उंदीर नाही, ती झुरळं आणि किडे खाते, तिला जाऊ दे. माळ्यावर पांढऱ्या तोंडाचं घुबड बसत असेल तर अपशकुन म्हणून हाकलू नकोस, ते रात्रीला एक-दोन उंदीर सहज उचलतं.

माळा साफ करताना लेंड्या कोरड्या झाडू नकोस, धूळ नाकात जाते. ब्लीचिंगचं पाणी शिंपड, दहा-पंधरा मिनिटं मुरू दे, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पूस. उंदराच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस होतो, सुरत-नवसारी-वलसाडकडे दर पावसाळ्यात होतो, साचलेल्या पाण्यातून पायाच्या चिरेतून शिरतो. तुझ्या खांच्यात पाणी भरतं तेव्हा मुलाला त्यात अनवाणी खेळू देऊ नकोस, आणि पाण्यात चालून आल्यावर कोणाला ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरला "पाण्यातून गेलो होतो" हे आवर्जून सांगा.

परत साप निघाला तर? मुलाला आणि सासऱ्यांना खोलीच्या बाहेर काढ, एक माणूस लांब उभा राहून नुसती नजर ठेवेल, दाराखाली टॉवेल कोंब, आणि वनखात्याला नाहीतर त्यांच्याकडे नोंद असलेल्या साप पकडणाऱ्याला फोन. तो नंबर आजच मिळवून फ्रिजवर चिकटव, साप समोर असताना शोधत बसायला वेळ नसतो. फिनाईल, कार्बोलिक, लसूण यांनी साप थांबत नाही, त्यावर पैसे घालू नकोस. कोणता साप आहे हे ओळखायच्या भानगडीतही तू पडू नकोस, मी फोटोवरून सांगितलं कारण तो हलत नव्हता.

एका सापाची मात्र मला तुमच्यासाठी खरी काळजी वाटते, मण्यार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चार विषारींपैकी हा रात्री फिरतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावतो, चावलेलं धड दुखत पण नाही, डासाएवढी खूण, पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात आणि घरचे समजतात पित्त झालं. पावसाळाभर खाली गादी घालून झोपू नका, कॉटवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. कोणाला चावलाच तर 108 ला फोन आणि सरळ सयाजी हॉस्पिटल, दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

राहिला फ्लॅटचा विषय. नवऱ्याला सांग की फ्लॅटमध्येही उंदीर डक्टमधून आणि ड्रेनेजच्या पाइपवरून चौथ्या मजल्यावर चढतात, माझी बहीण तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्या वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला. आणि या शहरात प्राण्यांपासून लांब अशी जागा कुठे आहे? ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री चढली तेव्हा तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून 24 मगरी उचलल्या, त्यातली एक चौदा फुटी, शिवाय साप, कासवं, एक साळींदरसुद्धा. त्या मगरी आपल्या घरात शिरायला निघाल्या नव्हत्या, नदीच त्यांना घेऊन आली होती, पाणी उतरल्यावर त्यांना परत जायचं होतं. आमच्या सोसायटीच्या जिन्यावर त्या दिवसांत तीन साप आणि आम्ही अकरा माणसं असे दोन रात्री होतो, ते वरच्या ग्रीलला गुंडाळलेले आणि आम्ही पायऱ्यांवर, कोणी कोणाला हात लावला नाही. वाडा जुना झालाय, दुरुस्तीला झेपत नाही, मुलाला शाळा लांब पडते, अशी कारणं असतील तर फ्लॅटचा विचार शांतपणे करा, सासूसासऱ्यांना बरोबर बसवून करा. पण उंदरांमुळे पळू नका, आणि या महिन्यात तर काहीच ठरवू नका, झोप न झालेल्या माणसांनी घर विकायचे निर्णय घेऊ नयेत.

शनिवारी पीठ टाकताना सासूबाईंना बरोबर घे. कुठून काय येतं-जातं हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही, आणि सकाळी पावलं बघायला मुलालाही उठव, त्याला मजा येईल. रविवारी मला फोटो पाठव, पावलं मोरीकडून येतायत की माळ्यावरून, त्यावर गवंडी आधी कुठे लावायचा ते सांगते.

— तुझी ताई